आई-वडिलांचं तुमच्याबद्दल काय मत आहे?

पहाटे साडेचारला अलार्म वाजतो. उशीखाली, व्हायब्रेटवर. रूममधले बाकीचे गाढ झोपलेले असतात. तुम्ही बूट हातात घेऊन जिना उतरता. ग्राउंडवर सोळाशे मीटर, मग पुलअप्स, मग नऊ फुटी खड्ड्यावरून उड्या. साडेसातला घरून फोन येतो. "उठलास का रे?" आणि तुम्ही घाम पुसत म्हणता, "हो, आत्ताच. लायब्ररीत चाललोय."

हे वाचून तुमच्यापैकी काही जण दचकले असतील. बाकीच्यांनी आपल्या वर्गात जरा बघावं. बँकिंगचा क्लास लावलाय असं घरी सांगून सीडीएसची पुस्तकं वाचणारी एखादी मुलगी सापडेल. मेसचं बिल वाढलंय असं सांगून भरती अकॅडमीची फी भरणारा एखादा मुलगा सापडेल. घरी कळलं तर विषय संपेल, म्हणून घरी कळूच द्यायचं नाही, असं ठरवून हे सगळे सैन्यात जायची तयारी करतायत. चोरून.

आपण चोरून बऱ्याच गोष्टी करतो आणि त्यातल्या अर्ध्या घरच्यांना माहीतही असतात. पण ही गोष्ट त्यातली नाही. ही नोकरी मिळाली तर तुमचा पत्ता बदलतो, दिनक्रम बदलतो आणि तुमच्या जिवाची जोखीमही बदलते. म्हणून आज याच विषयावर लिहायचं ठरवलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सैन्यात जायचं की नाही हे ठरवायचा हक्क तुमचाच आहे. सुरुवातीला गप्प राहावं लागणं, हेही मी समजू शकते. पण हे गुपित एकट्याने शेवटपर्यंत नेऊ नका. ते जाणार नाही, आणि नेताना तुमचंच नुकसान करेल.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या हॉस्टेलमधल्या रूममेटमुळे कळलं.

तिचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. घरचं ठरलेलं होतं: बँकेची परीक्षा, नोकरी, मग लग्न. आर्मीचा विषय तिने एकदाच काढला होता, दहावीनंतर. "पोरींनी बंदुका घेऊन काय करायचंय?" एवढ्यावर तो संपला. मग तिने तो पुन्हा काढलाच नाही. सीडीएसचा फॉर्म भरला. यूपीएससीच्या परीक्षांना मुलींना फी नसते, त्यामुळे पैसे मागायचाही प्रश्न आला नाही. लेखी निघाली. एसएसबीचं कॉल लेटर आलं, सेंटर भोपाळ. घरी सांगितलं, कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एसएसबी म्हणजे अधिकारी निवडण्यासाठी घेतली जाणारी पाच दिवसांची परीक्षा. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग होतं आणि त्यात गेलेले त्याच दिवशी घरी परततात. उरलेल्यांना चेस्ट नंबर मिळतो. मग मानसशास्त्राच्या टेस्ट, मैदानावरची ग्रुप टास्क, मुलाखत आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. मानसशास्त्राच्या दिवशी सगळ्यात शेवटी एक कागद येतो. पंधरा मिनिटांत स्वतःबद्दल लिहायचं. त्यातला पहिला प्रश्न: तुमच्या आई-वडिलांचं तुमच्याबद्दल काय मत आहे?

रूममेटने लिहिलं, "माझ्या निर्णयाचा वडिलांना अभिमान आहे."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत विचारलं गेलं, स्टेशनवर सोडायला कोण आलं होतं? ती म्हणाली, वडील. प्रत्यक्षात पुणे स्टेशनवर तिला मी सोडलं होतं. स्कूटीवरून, तिची बॅग पायात ठेवून.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली, यादी वाचली गेली, तिचा नंबर नव्हता. यात वेगळं काही नाही. एसएसबीत कधीकधी सगळी बॅचच्या बॅच रिकाम्या हाताने परत जाते, आणि चौथ्या-पाचव्या प्रयत्नात निवड झालेले अधिकारी कितीतरी आहेत. निवड त्या खोट्या उत्तरांमुळे हुकली असंही मी म्हणणार नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण ती परत येत असताना गाडीत आईचा फोन आला. "व्हिजिट कशी झाली गं? फोटो पाठव ना." आणि ती वरच्या बर्थवर तोंडात ओढणी कोंबून म्हणाली, "मस्त झाली."

मला तो फोन विसरता येत नाही. नापास सगळेच होतात. पण नापास झाल्यावर ज्या माणसाजवळ रडायचं, त्याच माणसाला "मस्त झाली" सांगावं लागणं, ही चोरून केलेल्या तयारीची खरी किंमत आहे. निवड झाली तर गुपिताचं सरप्राइज होतं. नाही झाली तर ते तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहतं. आणि पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची होत नाही.

तुम्ही म्हणाल, मोठ्या लोकांनी पण घरच्यांचं ऐकलं नव्हतं की! बरोबर. सॅम माणेकशॉ यांचं उदाहरण तर ठरलेलंच. त्यांना लंडनला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. तू अजून लहान आहेस म्हणून वडिलांनी पाठवलं नाही. त्या रागात त्यांनी वडिलांच्या मनाविरुद्ध 1932 साली नव्याने सुरू होणाऱ्या इंडियन मिलिटरी अकॅडमीची प्रवेश परीक्षा दिली. पहिल्या बॅचमध्ये एकूण चाळीस जण होते, त्यातले पंधरा स्पर्धा परीक्षेतून आलेले. माणेकशॉ त्या पंधरांत होते. पुढे 1973 मध्ये ते भारताचे पहिले फील्ड मार्शल झाले. गोष्ट भारी आहे. पण ती आपण शेवटाकडून वाचतो. त्याच रागात परीक्षा देऊन जे घरी परत आले, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. तुम्ही सध्या गोष्टीच्या सुरुवातीला आहात, शेवट तुम्हाला माहीत नाही.

दुसरं म्हणजे, हे गुपित टिकणारं नाहीच. थोडा कागदांचा विचार करा. अग्निवीर भरतीत वय साडेसतरापासून सुरू होतं. अठरा पूर्ण नसतील तर आई-वडिलांचं संमतीपत्र लागतं. चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला गावातून काढावा लागतो. सरपंचाची सही घेतलीत की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा सुरू झाली म्हणून समजा. एनडीएला जाणार असाल तर जॉइनिंगच्या आधी आई-वडिलांना बाँडवर आणि हमीपत्रावर सह्या कराव्या लागतात. ट्रेनिंगमध्ये दुखापत झाली तर काय, मध्येच सोडून आलात तर खर्च कुणाचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो कागद वडिलांच्या हातात पहिल्यांदा पडेल तेव्हाच त्यांना कळावं, असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही अधिकारी म्हणून निवडला गेलात तर पडताळणीसाठी पोलीस घरच्या पत्त्यावर येतात. आणि नोकरीत गेल्यावर एक रकाना असतो, नेक्स्ट ऑफ किन. काही झालं तर सर्वात आधी कुणाला कळवायचं? तिथे तुम्ही ज्यांचं नाव लिहिणार आहात, त्यांनाच तुम्ही सध्या लायब्ररीत असल्याचं सांगताय.

तिसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. गुपित असलेला मुलगा फसवायला सोपा असतो. "साहेबांशी ओळख आहे, एवढे दिले की काम होईल" असं सांगणारे दलाल भरतीच्या मैदानाबाहेर आजही फिरतात. भरतीसाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत, हे सैन्य दरवेळी सांगतं. तरी पोरं फसतात. घरी माहीत असेल तर पैसे देण्याआधी एखादा काका तरी म्हणतो, "थांब, जरा चौकशी करू." घरी माहीतच नसेल तर पैसेही गुपचूप उभे केले जातात आणि फसवणूकही गुपचूप गिळली जाते. तक्रार करायची तर सगळंच सांगावं लागतं ना!

दुखण्याचंही तेच. आमच्या ग्रुपमधला एक जण रोज डांबरी रस्त्यावर धावायचा. नडगी दुखायला लागली. घरी सांगितलं, जिन्यावरून घसरलो. डॉक्टरकडे गेलाच नाही, कारण बिल वडिलांच्या मोबाइलवर दिसलं असतं. दीड महिना पेनकिलर खाऊन धावला. शेवटी एक्स-रे काढला तर हाडाला बारीक चीर. भरतीची तारीख गेली. वेळेत आठ दिवस आराम केला असता तर कदाचित वाचला असता.

आता घरच्यांच्या बाजूनेही बघू. आपण त्यांना पटकन "जुन्या विचारांचे" म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्या नाही म्हणण्यात प्रत्येक वेळी अडाणीपणा नसतो. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली. चार वर्षांची नोकरी. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातले 30 टक्के सेवानिधीत जाणार. चार वर्षांनी सरकारच्या वाट्यासह साधारण पावणेबारा लाख हातात आणि जास्तीत जास्त 25 टक्के जण पुढे कायम होणार. पेन्शन नाही. "चोविसाव्या वर्षी परत आलास की पुढं काय?" असं वडील विचारत असतील तर प्रश्न शंभर टक्के योग्य आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? नसेल तर तुम्ही गुपित नक्की कशासाठी ठेवलंय? घरचे नाही म्हणतील म्हणून, की त्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून? हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचाराच.

भीतीही खरी असते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक "अपशिंगे मिलिटरी" म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. अशा भागातल्या आईला सैन्य म्हणजे काय हे जाहिरातीतून समजावं लागत नाही. पण याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरणही बघा. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन लहान मुलं असताना एसएसबी दिली, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. काय गमवावं लागू शकतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी त्या गेल्या. म्हणजे सगळं माहीत असूनही हो म्हणता येतं. घरच्यांना तुम्ही काही माहितीच दिली नाही, तर त्यांच्यापुढे फक्त भीती उरते.

मुलींच्या बाबतीत हे सगळं आणखी अवघड आहे, ते मला मान्य आहे. खडकवासल्याची एनडीए पुण्याच्या इतकी जवळ, पण मुलींना तिथला दरवाजा उघडायला सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2021 मधला आदेश यावा लागला. 2022 मध्ये पहिल्या 19 मुली दाखल झाल्या आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करत बाहेर पडल्या. तो दरवाजा उघडला, पण बऱ्याच घरांचा अजून उघडायचाय. काही घरांत हा विषय काढला तर मुलीचं कॉलेज बंद होतं, महिन्याभरात बघायला पाहुणे येतात. अशा मुलीला "आजच घरी सांग" असा सल्ला मी इथे बसून देणार नाही. तो मूर्खपणा होईल. पण तिनेही एका तरी मोठ्या माणसाला सांगावं, एवढं मी नक्की म्हणेन. आत्या, मामा, मोठी बहीण, एनसीसीचे सर, शाळेतल्या बाई. ज्याचा फोन नंबर इमर्जन्सीत देता येईल आणि ज्याच्यासमोर रडता येईल, असं एक माणूस.

बाकीच्यांनी मात्र सांगायची तयारी करायला हवी. होय, तयारीच. ग्राउंडची करता तशी. सणाच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर बॉम्ब टाकू नका. निकालाच्या आधी सांगा, नंतर नको. निकालानंतर सांगितलं की ती फक्त सूचना उरते, आणि सूचना कुणालाच आवडत नाही. कागदावर लिहून न्या: कुठली एंट्री, किती वर्षं, पगार किती, नाही झालं तर दुसरा पर्याय कोणता. पदवी पूर्ण करणार की नाही, हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगा, कारण आईला आधी तेच ऐकायचं असतं. ओळखीतला एखादा माजी सैनिक घरी चहाला बोलवा. आपल्याकडे बहुतेक तालुक्यांत असे लोक भेटतात आणि तुमच्या वडिलांना तुमच्यापेक्षा त्यांचं जास्त पटेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वडिलांना घेऊन जा. तिथूनच नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची माहिती मिळेल. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तिथे सीडीएस आणि एसएसबीचे कोर्स, राहण्या-जेवण्यासकट, मोफत असतात. मेसच्या बिलाच्या नावाखाली अकॅडमीची फी भरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

आणि सांगितल्यावर घरचे लगेच मिठी मारतील अशी अपेक्षा ठेवू नका. सिनेमात होतं तसं. खऱ्या घरात आधी अबोला असतो.

हे पान तुमचं आहे, पण घरी आई-बाबाही ते वाचतात हे आम्हाला माहीत आहे. त्यांनाही एक विनंती. मुलाने गोष्ट लपवली म्हणून रागवा, तो तुमचा अधिकार आहे. पण ती त्याने का लपवली, हेही एकदा विचारा. "नाही" म्हणायच्या आधी पूर्ण ऐकून घेतलं जाईल एवढा भरवसा मुलांना असेल, तर बऱ्याच घरांत लायब्ररीचं खोटं बोलावं लागणार नाही.

रूममेटचं पुढे काय झालं ते सांगते. तिने आधी आत्याला सांगितलं, आत्याने तिच्या वडिलांना. वडील दोन महिने तिच्याशी धड बोलले नाहीत. एकदाच बोलले तेव्हा आर्मीबद्दल काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले, "पाच दिवस तू भोपाळला होतीस. काही झालं असतं तर मला कुणी सांगितलं असतं?" याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. खरं सांगायचं तर मीही त्या खोट्यात सामील होते. तिची आई एकदा माझ्या फोनवर बोलली होती आणि मी त्या इंडस्ट्रियल व्हिजिटचं कौतुक केलं होतं.

यंदा तिची लेखी परत निघाली. पुन्हा भोपाळ. या वेळी वडील गावाहून तिला सोडायला पुणे स्टेशनवर आले. त्यांना अजून पटलेलं नाही, ते त्यांनी प्लॅटफॉर्मवरही सांगितलं. मग विचारलं, "चार्जर घेतलास का?"

निवड याही वेळी झाली नाही. पण परतताना गाडीतून तिने स्वतः घरी फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. पुढच्या प्रयत्नाची तयारी सुरू आहे. पहाटेचा अलार्म आता व्हायब्रेटवर नसतो, त्यामुळे माझीही झोप मोडते.

तुमच्याही समोर तो कागद कधीतरी येईल. आई-वडिलांचं तुमच्याबद्दल काय मत आहे? पंधरा मिनिटं असतील आणि खोटं लिहायला जागा भरपूर असेल. "त्यांना माझा निर्णय पटलेला नाही, पण त्यांना तो माहीत आहे" एवढं खरं तुम्हाला लिहिता यावं. त्यासाठी आज संध्याकाळी घरून फोन आला की, लायब्ररीत आहे असं सांगू नका.